मागच्याच्या पावलाने

२० एप्रिल २०२४, चंद्रपूर

काल लोकसभेचं मतदान पार पडलं. मशीन जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटली, तरी आज पहाटे रामाळा तलावावर सगळे हजर. सॅकमध्ये तांदूळ आणि पाण्याच्या बाटल्या भरून तलावाकाठी चालायचं, मग कुणाच्या तरी अपार्टमेंटचा जिना चढायचा-उतरायचा. सात वाजले की ऊन अंगावर येतं, म्हणून सगळा सराव अंधारातच उरकायचा.

आम्ही एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला निघालो आहोत. आमच्यात वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले काका आहेत, ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सताई आहेत, बँकेतले दादा आहेत, राजुऱ्याच्या कॉलेजच्या दोन मुली आहेत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातला एक गोंड तरुण आहे, आम्ही त्याला भाऊ म्हणतो; तो आपल्या ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब लिहितो. आणि मी, शाळेत भूगोल शिकवणारी.

हे मनात आलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या मुलांमुळे. मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. ‘मिशन शौर्य’ असं त्या उपक्रमाचं नाव. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असं त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. ज्या मुलांनी त्याआधी बर्फ पाहिलासुद्धा नव्हता, त्यांनी ते करून दाखवलं. त्या बातमीचं कात्रण माझ्या वर्गाच्या भिंतीवर अजून आहे. दर वर्षी नवी मुलं ते वाचतात आणि विचारतात, “बाई, तुम्ही पाहिला का एव्हरेस्ट?”

माथा आमच्या आवाक्यातला नाही. पायथा आहे.

२ मे, बल्लारशाह

काल महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं, निकाल वाटले, आणि आज राप्तीसागर एक्सप्रेसने निघालो. गोरखपूर, तिथून सोनौली, मग बसने काठमांडू. विमानाचे पैसे वाचतात, आणि देश ओलांडताना पायाखालची जमीन कशी बदलते तेही दिसतं.

धानोऱ्याचा भाऊ गाडीत बसला, पण त्याचं अर्धं लक्ष गावाकडे. तेंदूचा हंगाम ऐन भरात आहे. पहाटे उठून पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. वर्षातली मोठी रोख कमाई या थोड्या दिवसांतच होते. “तुझा हिशेब कोण बघणार?” मी विचारलं. तो म्हणाला, “ग्रामसभेत विचारलो ना जी. सगळे हो म्हणाले तेव्हाच निघालो. एक म्हातारी नोको म्हणत होती, तिला समजवाले दोन बैठका लागल्या.”

आम्ही बाकीच्यांनी घरी सांगून रजा टाकली होती. त्याने गावाची संमती घेतली होती.

५ मे, काठमांडू

घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात, हा हिशेब मुलींनी पहिल्या दुकानातच पाठ केला. पाट्या देवनागरीत असल्यामुळे गाव परकं वाटत नाही.

संध्याकाळी आमच्या शेर्पा गाईडनी सगळ्यांना गोल बसवलं. पन्नाशीचे गृहस्थ, आवाज अगदी हळू. आम्ही त्यांना दाइ, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायला लागलो. हिंदी चांगली बोलतात. त्यांनी रस्त्याविषयी फार थोडं सांगितलं. कुणाला दमा आहे, कुणाला रक्तदाब, कोण कोणती गोळी घेतं, ते एकेकाला विचारून वहीत टिपलं. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, डोकं दुखलं तर लपवायचं नाही. दुसरी, सगळ्यांत हळू चालणारा माणूस सगळ्यांत पुढे.

काका लगेच म्हणाले, “बरोबर आहे. आम्ही गस्तीला जायचो तेव्हा मागचा माणूस दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं, हा नियमच. ताडोब्यात असो की आलापल्लीत. वाघाच्या जंगलात एकटा मागे राहिलेला माणूस ही सगळ्यांची चूक.”

दादांनी वर्षभर मॅरेथॉनची तयारी केली आहे. ते हसून म्हणाले, “म्हणजे मला शेवटी राहावं लागणार.” दाइंनी मान हलवली, “हो. तुम्ही शेवटी.”

६ मे, फाकदिंग

मध्यरात्री काठमांडूहून निघून पहाटे मंथलीला पोचलो. गर्दीच्या मोसमात लुक्लाची विमानं तिथून सुटतात. विमान छोटं, धावपट्टी डोंगराच्या उतारावर तिरकी टेकवलेली. उतरलो तेव्हा मुली माझा हात घट्ट धरून होत्या.

लुक्ला संपतं तिथे एक कमान आहे, पासाङ ल्हामू शेर्पा यांच्या स्मरणार्थ. एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी स्त्री. १९९३च्या एप्रिलमध्ये माथा गाठला आणि उतरताना प्राण गेला. या वाटेवर येणारा प्रत्येक जण त्यांच्या नावाखालून आत जातो. आमच्या दोन्ही मुली तिथे थांबून पाटी वाचत राहिल्या. वाटेत एकीने विचारलं, “बाई, मनीषा धुर्वेंच्या नावाची कमान आपल्याकडे का नाही?” मला तो प्रश्न आवडला. तो मी परत घेऊन जाणार आहे.

दूधकोशी नदी दिवसभर उजवी-डावी होत सोबत होती. आज उलट उतरच जास्त. लुक्ला २,८६० मीटरवर, फाकदिंग त्याहून खाली.

७ मे, नामचे बाजार

आज सगळा चढ. नदीवरचे झुलते पूल ओलांडले आणि मग झाडीतून वर, आणखी वर. ३,४४० मीटर. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरही नाही.

वाटेत आमच्या पुढे एक भारवाहक चालत होता, विशीतला असेल. पाठीवर बांबूची डोको, तिच्यावर प्लायवूडचे तक्ते. सगळं वजन कपाळावरच्या पट्ट्यावर पेललेलं. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी, टोकमा. चढावर तो दर काही पावलांनी थांबे, टोकमा मागे डोकोच्या तळाशी टेकवी, उभ्या उभ्या भार काठीवर देई आणि तोंडाने शीळ घातल्यासारखा श्वास सोडी. बसला तर पुन्हा उठता येणार नाही. त्याच्या कपाळावर पट्ट्याच्या जागी कातडी जाड होऊन गुळगुळीत झाली होती. धानोऱ्याच्या भावाने आपल्या खांद्याकडे बोट दाखवलं, तिथेही तसाच घट्टा. कावडीचा.

ट्रेकच्या हमालांसाठी तीस किलोची मर्यादा सांगितली जाते. दुकानांचा आणि बांधकामाचा माल वाहणारे त्याच्या कितीतरी पुढे जातात, कारण पैसे किलोवर मिळतात. आणि हे बहुतेक जण शेर्पा नाहीत. खालच्या टेकड्यांतले राई, तामाङ समाजाचे लोक आहेत. आपण लांबून सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो.

आमचं सामान वाहणारी दोन मुलंही राई आहेत. आज जेवताना मी पहिल्यांदा त्यांना त्यांच्या गावाचं नाव विचारलं.

८ मे, नामचे

आज मुक्काम हलवायचा नाही. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून वर चढून परत खाली येऊन झोपायचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दिवसाला साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नको, असा डॉक्टरांचा दंडक. इथे हवेतला प्राणवायूचा वाटा तोच असतो, पण दाब कमी, त्यामुळे एका श्वासात तो कमी मिळतो. रक्त आणि फुप्फुसं हळूहळू जुळवून घेतात. दंडाची ताकद त्यात उपयोगी पडत नाही.

खुमजुङला गेलो. हिरव्या छपरांचं गाव. तिथली शाळा एडमंड हिलरींनी १९६१मध्ये उभी केली. ज्या माणसांच्या खांद्यावरून ते माथ्यावर गेले होते, त्यांनी मुलांसाठी शाळा मागितली आणि हिलरींनी ती बांधली. १९६६मध्ये शेजारच्या खुंदेला दवाखाना झाला. नर्सताई तो बाहेरून बघत बराच वेळ उभ्या होत्या.

मला आमच्याकडचे दवाखाने आठवले, हेमलकशाचा आणि शोधग्रामचा. १९७३मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडच्या रानात येऊन राहिले, १९८६मध्ये अभय आणि राणी बंग गडचिरोलीत आले. आलेल्या माणसाने आधी गावाला विचारलं की तुम्हाला काय हवं, तिथे काम टिकलं. इथे, खुंबू भागातही, तेच दिसतं. शिखरावर पाय ठेवणारे खूप आहेत. हिलरींचं नाव इथल्या घराघरांत आहे ते शाळेमुळे.

९ मे, तेङबोचे

आजचा दिवस काकांचा. वाट जंगलातून होती. गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, लाल-गुलाबी झाडं अजून फुललेली, वर भोजपत्र आणि सूचिपर्णी झाडं. झारल, म्हणजे इथली रानशेळी, कड्यावर चरताना दिसली. डांफे पक्षी दिसला तेव्हा काकांनी सगळ्यांना हाताने खाली बसवलं, अगदी ताडोब्याच्या पाणवठ्यावर बसवतात तसं. नवं जंगल, ओळखीचं एक झाड नाही, तरी ते लेंडी पाहून, खुरांचे ठसे पाहून सांगत होते, की इथून सकाळीच कळप गेला आहे. दाइ त्यांच्याकडे बघत राहिले. दुपारनंतर दोघं गुरुबंधू असल्यासारखे बोलत चालले.

दाइंनी सांगितलं, पूर्वी खुंबूच्या गावांत शिंगी नावा असायचे, गावाने नेमलेले वनराखे. कुणी कुठलं लाकूड तोडायचं, किती, ते ठरवायचे आणि नियम मोडणाऱ्याला दंड करायचे. १९५७मध्ये नेपाळ सरकारने जंगलं ताब्यात घेतली. रान आपलं राहिलं नाही म्हटल्यावर राखणारा हातही सैल पडला. १९७६मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा लोकांना आणखी धास्ती वाटली. पुढे कायदा बदलला. आता उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के वाटा भोवतालच्या गावांच्या विकासाला जातो, आणि गावांच्या समित्या असतात.

काका आयुष्यभर खात्यात होते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आम्हाला शिकवलं होतं की गावापासून जंगल वाचवायचं. मेंढ्याने दाखवलं की गावच ते वाचवतं. मला पटायला वेळ लागला.” धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. धानोऱ्याच्या भावाच्या गावापासून मेंढा फार लांब नाही.

तेङबोचेच्या मठात संध्याकाळची प्रार्थना चालू होती. १९३४च्या भूकंपात हा मठ पडला, १९८९मध्ये जळला, दोन्ही वेळा लोकांनी पुन्हा बांधला.

११ मे, दिङबोचे

झाडं संपली. दगडी कुंपणांतली जवाची आणि बटाट्याची शेतं, त्यांच्यावर आमा दबलमचं शिखर. ४,४१० मीटर. कालपासून इथेच आहोत, आज पुन्हा विश्रांतीचा दिवस.

पाण्याची बाटली उघडतानाही दम लागतो. ताई सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे लिहितात. दादांचा आकडा आमच्या सगळ्यांपेक्षा कमी येतो आहे. विचारलं की “काही नाही, झोप नाही झाली” म्हणतात. आज टेकडीवर सरावाला गेलो तेव्हा ते दोनदा पुढे निघून गेले आणि दाइंनी दोन्हीदा त्यांना हाक मारून मागे घेतलं. “बिस्तारै, बिस्तारै.” हळू, हळू.

गटातला सगळ्यांत दणकट माणूस ही गटाची सगळ्यांत मोठी काळजी होऊ शकते, कारण त्याला कुणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. शाळेतही हुशार मुलाकडे असंच लक्ष राहत नाही.

१२ मे, लोबुचे, रात्री उशिरा

हात थरथरतो आहे, तरी आजचं आजच लिहिते.

दुपारी थुकल्याची चढण चढून वर आलो. तिथे दगडांचे कितीतरी मनोरे आहेत, डोंगरात गेलेल्यांच्या नावांचे. परदेशी गिर्यारोहकांचे आहेत, शेर्पांचेही. १८ एप्रिल २०१४च्या हिमप्रपातात खुंबूच्या हिमधबधब्यात सोळा नेपाळी माणसं गेली, सगळी दुसऱ्यांसाठी वाट तयार करणारी आणि सामान वाहणारी. दाइ एका मनोऱ्यापाशी थांबले, डोकं टेकवलं. आम्ही काही विचारलं नाही.

लोबुचेला, ४,९४० मीटरवर, पोचल्यावर दादांनी जेवण नाकारलं. मग उलटी झाली. डोकं फुटतंय म्हणाले. ऑक्सिजन सत्तरच्या खाली. दाइंनी त्यांना उभं केलं आणि जमिनीवरच्या फळीच्या रेषेवरून टाचेला बोटं लावत सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला दादा कलले. दाइंनी धरलं.

“आत्ता खाली. फेरिचेला. उजाडायची वाट बघायची नाही.”

दादा म्हणाले, “मी ठीक आहे. सकाळी बघू. माझ्यामुळे सगळ्यांचं...” त्यांचे शब्द अडखळत होते. ताई म्हणाल्या की मेंदूला सूज येत असेल तर माणूस असाच हट्ट करतो. उतरण्यावाचून उपाय नाही.

उतरायचं की नाही हा चर्चेचा विषय नव्हता, ते दाइंनी ठरवलं होतं. सहायक गाईड टॉर्च आणि दोर बांधत होता. प्रश्न होता, आमच्यातलं कोण सोबत जाणार. जो जाईल त्याचा बेस कॅम्प चुकणार, आणि तो उद्यावर आलेला. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेगडीचा आवाज तेवढा येत होता.

तेव्हा धानोऱ्याचा भाऊ दादांच्या शेजारी जाऊन बसला. त्यांचा हात हातात घेतला. म्हणाला, “दादा, आमच्या गावात एक माणूस नाही म्हणत असला तर आम्ही बैठकीतून उठत नाही. तुम्ही हो म्हणा, मग आपण सगळेच उठू. आम्हाले तुमचं ओझं नाही वाटत जी. वरतं जाऊन आम्ही काय करू, तुम्ही इथं असे असताना?”

मग तो आमच्याकडे वळला, “कोणाले काही म्हणायचं आहे का? म्हणून टाका, मनात नोको ठेवू.”

काका म्हणाले, मी जातो. एक मुलगी म्हणाली, मी पण. ताई तोवर औषधांची पिशवी भरून उभ्या होत्या. “जिला उपचार येतात तीच जाईल. याच्यावर वाद नको. आणि मी त्यागबिग करत नाही आहे. माझा ट्रेक आज रात्री फेरिचेला आहे.”

दादा रडले. मग म्हणाले, “हो. चला.”

सगळ्यांनी मिळून त्यांना बूट घातले. चार टॉर्च अंधारात खाली जाताना वळणापर्यंत दिसत होते, दादा, ताई, सहायक गाईड आणि आमच्यातला एक राई मुलगा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून निघाला होता.

१३ मे, गोरक्षेप

पहाटे निरोप आला, चौघं सुखरूप पोचले. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र आहे, १९७३पासूनचं. प्राणवायू लावला, उतार पडतो आहे. मग आम्ही निघालो.

दुपारी बेस कॅम्प. ५,३६४ मीटर. खुंबू हिमनदीच्या दगडगोट्यांवर पिवळे-नारिंगी तंबू, आणि समोर हिमधबधबा, घरांएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर रेललेले. त्यातून शिड्या आणि दोर लावून दर मोसमात वाट काढतात तीही स्थानिक माणसंच. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, मधले डोंगर त्याला झाकतात. पायथ्याला पोचलेल्या माणसाला शिखर दिसत नाही, त्याच्याकडे जाणारी अवघड वाट तेवढी दिसते.

तो बर्फ डोळ्यांसमोर होता तेव्हा मला आमची पाच मुलं खऱ्या अर्थाने कळली. आश्रमशाळेच्या वसतिगृहातून निघून, एका वर्षाच्या आत, यापेक्षा साडेतीन हजार मीटर वर. वर्तमानपत्रात ती मोठी वाटली होती. इथे उभं राहून ती फार जवळची वाटली आणि त्यांच्या छातीतली ताकद अंगावर आली. पाचही नावं मी वहीत पुन्हा लिहिली. मुलींनी ती मोठ्याने वाचली.

१४ मे, फेरिचे

पहाटे काळापत्थरच्या टेकडीवर गेलो. बाटलीतलं पाणी गोठलं होतं. नुप्त्सेच्या मागून एव्हरेस्टचा काळा त्रिकोण वर आला आणि त्याच्या टोकाला पहिलं ऊन लागलं. ८,८४८.८६ मीटर, नेपाळ आणि चीनने २०२०मध्ये मिळून जाहीर केलेली उंची. मी हा आकडा वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला आहे. आज तो हवेत उभा होता.

मग खाली उतरून फेरिचे. दादा उन्हात बसून लसणाचं सूप पीत होते. कुणीच काही बोललं नाही, सगळे त्यांच्याभोवती बसलो. ताईंनी सांगितलं, “पोचल्यावरही धाकधूक होती. पहाटे आकडा पंचाऐंशीच्या वर गेला, तेव्हा मी पहिला चहा प्याले.” इथल्या केंद्रात रोज दुपारी ट्रेकला आलेल्यांसाठी उंचीच्या आजारावर व्याख्यान होतं, ते ताईंनी ऐकलं आणि वही भरून टिपणं काढली.

दादा मला हळूच म्हणाले, “मॅडम, वर्षभर मी एकटा धावलो. माझ्या वेगाचा मला अभिमान होता. परवा रात्री सगळ्यांनी मिळून मला बूट घातले.” एवढंच बोलून ते थांबले.

१६ मे, नामचे

आमच्या जिल्ह्यात १६ मे हा मुलांच्या चढाईचा दिवस म्हणून लक्षात आहे. इथे कुणाला ते माहीत नाही. रात्री जेवताना दाइंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “तुमच्या गावात आता ती मुलं नव्या मुलांना शिकवतात का?” अगदी सरळ, कामाचा प्रश्न.

आज राई मुलांना आणि सहायक गाईडला आमच्याबरोबर एकाच टेबलावर बसवलं. धानोऱ्याच्या भावाचाच आग्रह. बक्षिसी पाकिटात घालून देणं सोपं असतं. त्याने आधी विचारलं, “आमच्या चालण्यात तुम्हाले काय अडचण झाली ते सांगा.” मुलं लाजली. मग एकाने सांगितलं: सामान लुक्लाला वजन करून वाटा, वाटेत खरेदी करून पिशव्या जड करू नका. दुसऱ्याने सांगितलं: सकाळी लवकर पिशवी द्या, म्हणजे आम्हाला उन्हाआधी चढ संपवता येतो. हे आम्हाला पहिल्या दिवशी विचारता आलं असतं तर त्यांचा भार हलका झाला असता. पुढच्या गटासाठी मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

९ जून, धानोरा तालुका

भावाच्या गावी ग्रामसभेला आले. त्याने बोलावलं होतं, “प्रवासाचं सांगा जी लोकांले.” आठ-दहा वाक्यांत सांगून झालं. मग बैठक आपल्या विषयावर गेली, बांबूच्या पैशातून विहिरीचं काम आधी की समाजमंदिराचं.

दीड तास झाला तरी ठरलं नाही. एका बाईचं म्हणणं वेगळं होतं. तिला कुणी थांबवलं नाही, मतदान घ्या असंही कुणी म्हटलं नाही. शेवटी पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू, असं ठरलं. मेंढ्याने ही सर्वसहमतीची रीत किती वर्षं नेटाने पाळली आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. ती घोषणा उभी आहे ती अशा लांबलेल्या बैठकांवर.

मी नेपाळला गेले नसते तर आज मला कंटाळा आला असता. लोबुचेच्या त्या खोलीत मी पाहिलं आहे, की संकटाच्या घटकेला गट एकत्र उठतो तो आधी कधीतरी असं बसायची सवय असली तरच. भावाला ती सवय घरूनच होती. आम्ही ती त्याच्याकडून उसनी घेतली.

१ जुलै, चंद्रपूर

विदर्भातल्या शाळा आज सुरू झाल्या. पाचवी-सहावीची मुलं कात्रणासमोर उभी राहिली आणि तोच प्रश्न आला. मी सांगितलं, पाहिला. मग शिखराविषयी थोडं आणि त्या रात्रीविषयी खूप सांगितलं. एका मुलाने विचारलं, “बाई, मग तुमच्यात लीडर कोण होतं?” मी मुलांनाच विचारलं. कुणी दाइ म्हणालं, कुणी ताई, कुणी तो हमाल मुलगा. सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली आणि एकही खोडलं नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीहून आता दर वर्षी कुणी ना कुणी अशा वाटेला निघतं. त्यांना माझी विनंती आहे. बूट, जाकीट, विमा यांची यादी करताच, त्याच्याआधी एक बैठक घ्या. सगळ्यांत हळू चालणारा कोण, हे उघड ठरवा आणि त्याला पुढे ठेवा. कुणाला मागे फिरावं लागलं तर सोबत कोण जाणार, हे घरीच ठरवून निघा. भार वाहणाऱ्यांना पहिल्या संध्याकाळी आपल्यात बसवा आणि त्यांचं ऐका. हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. धानोऱ्याच्या एखाद्या ग्रामसभेत दुपारभर शांतपणे बसा, आणि मग डोंगराला जा.